फक्कीची गाडी

गौस मिस्त्रीनं ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं,
आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा गप्प उभा राहिला.
मग म्हणाला, "भुजंगराव, काली मट्टी है.
बारिश में फूलती, धूप में फटती.
इसके भरोसे पे चार टन नक्को रखो."

मला माहीत आहे ही माती.
सेलूच्या कडेला हा प्लॉट घेतला त्या मे महिन्यात
भेगेत पडलेला माझा दहाचा पाना
अजून वर आलेला नाही.

तर ठरलं असं:
दोन फूट काळी काढायची,
मुरूम भरायचा, पाणी पाजून धुम्मस मारायचं,
त्यावर डबर, त्यावर आठ एमएमची जाळी,
सहा इंच काँक्रीट.
पंचवीस फूट लांब, अकरा रुंद.
गल्ली अरुंद, म्हणून गाडी उलटी आत घ्यायची,
आणि लायनीची तार टपापासून
चांगली पुरुषभर लांब.

एकतीस वर्षं मी डेपोच्या पिटात उभा राहिलो
गाड्यांची पोटं बघत.
खिडकीतनं काय दिसतं ते प्रवाशांना ठाऊक.
आता जालन्याला एक जुनी मिनीबस उभी आहे,
वऱ्हाडं वाहून वाहून थकलेली.
एक पोरगा तिच्यात दोन पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन बसवतोय,
आणि अॅडव्हान्स घेतल्यापासून
फोनवर "बस आठ दिवस" म्हणतोय.

सोजर म्हणाली, "हिंडायला घेतली ना गाडी?
मग उभी करायलाच येवढा खर्च कामून?"
मी म्हणालो, मुक्कामी गाडीलासुद्धा
गावात एक सपाट जागा लागते.
कलंडलेल्या गाडीत कंडक्टरला झोप येत नाही.
"बरं. मग हा उतार?"
चार फुटाला अर्धा इंच, शोषखड्ड्याकडं. पाणी जायला.
"झोपंत कळंल की."
डोकं चढाकडं करू.

पाण्याचा विषय तिनंच काढला.
एकवीस दिवस काँक्रीट ओलं ठेवायचं
आणि नळ येतो आठव्या दिवशी.
तिनं बोटांवर मोजलं: तांदळाचं धुवण, भाजीचं,
माठातलं शिळं, भांड्यांचं...
"साबनवाला नक्को, भाभी."
मग भांड्यांचं वजा. वर ज्वारीची बारदानं टाकायची,
म्हणजे ओल धरून राहील.

"और बीच में एक कट मारना पडता," गौस म्हणाला.
"कांक्रीट तो तडकताच है.
किधर तडकना, वो अपन बताना."
सोजर त्याच्याकडं बघत राहिली.
मग आत गेली आणि चहात साखर वाढवून आली.

संध्याकाळी फक्कीचा चौकोन आखून तो सायकलवर गेला.
डब्यात मूठभर फक्की उरली होती.
मी चौकोनाच्या आत गाडी काढली:
चाकं, दार, पलंग, शेगडी, एक खिडकी.
सोजर चप्पल काढून आत आली, दारातनंच.
शेगडीपाशी उकिडवी बसून बघितलं.
"इथं भाकरी थापली तर कोपर भिंतीला लागंल."
मग पलंगाच्या रेघेवर टेकली, खिडकीकडं तोंड करून.
खिडकीत खंडागळ्यांची म्हैस रवंथ करत होती.
"कुठं आलो?"

मला पटकन समुद्र म्हणता आलं नाही.
म्हणालो, थांबा आहे. दहा मिनिटं.
ती हसली नाही. दारातनंच उतरली,
आणि दोन कप घेऊन परत चढली.

सकाळी मागचं चाक पुसलेलं,
त्यावर खुरांचे चार ठसे.
गौस दोरी धरून उभा, "फिरसे डालूं?"
सोजर पायरीवरनं ओरडली,
"दाराकडनं एक फूट वाढवा.
उतरल्यावर पाय चिखलात नको."

अकराचे बारा झाले.
मी कागदावर सिमेंटच्या तीन गोण्या वाढवल्या
आणि जालन्याला फोन लावला.
"बस आठ दिवस," तो म्हणाला.
म्हणालो, सावकाश कर. खिडकी तेवढी मोठी ठेव.